जुनं ओमेगा सीमास्टर, मुंबईत रोजच्या वापराला

सुरुवातीलाच सांगून टाकते, हे घड्याळ मी शोरूममधून नवीन घेतलेलं नाही आणि उद्या कोणी नवीन घेऊन देतो म्हटलं तरी मी हेच ठेवीन. ओमेगा सीमास्टर प्रोफेशनल, ३०० मीटरवालं, रेफरन्स म्हणजे मॉडेल नंबर २५३१.८०, निळी डायल, निळी बेझल म्हणजे डायलभोवतीची फिरती रिंग, ऑटोमॅटिक मशीन, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. माझा पीस १९९० च्या दशकाच्या अगदी शेवटचा, माझ्याआधी एकाच माणसाने वापरलेला. आता ते मी बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये, ऑफिसात, स्वयंपाकघरात, पोहण्याच्या तलावात, पावसात, सगळीकडे घालते. इतकं महागाचं घड्याळ रोज कशाला, लग्नकार्याला घालत जा, असं घरच्यांपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय आणि मला नेमकं तेच पटत नाही, कारण हे घड्याळ लग्नकार्यासाठी बनवलेलंच नाहीये, ते पाण्यात आणि धक्काबुक्कीत टिकावं म्हणून बनवलंय, आणि या दोन्ही गोष्टी मुंबईत रोज फुकट मिळतात.

ज्यांना मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओमेगाने सीमास्टर हे नाव १९४८ ला काढलं, पण ही ३०० मीटरवाली डायव्हर, म्हणजे डायव्हिंगचं घड्याळ, १९९३ ला आली. १९९५ च्या बाँडपटात पिअर्स ब्रॉस्ननच्या हातात हिचंच क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवालं, भावंड होतं, २५४१.८०, आणि १९९७ पासून त्याच्या हातात हे ऑटोमॅटिक आलं. म्हणून बाजारात सगळे याला बाँड सीमास्टर म्हणतात आणि विकणारे त्या नावाचे चार पैसे जास्त लावतात. मला बाँडचं काही नाही, मी डायल बघून पाघळले.

ती डायल फोटोत कळतच नाही हो. फोटोत नुसती निळी दिसते. हातात घेतलं की दिसतं, पूर्ण डायलभर आडव्या लाटा आहेत, बारीक, एकामागून एक, आणि मनगट जरासं फिरवलं की उजेड त्या लाटांवरून सरकत जातो. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली डायल जवळपास काळी वाटते. संध्याकाळी परतताना, मरीन लाइन्स ते चर्नी रोडच्या पट्ट्यात पश्चिमेचं ऊन थेट डब्यात शिरतं तेव्हा ती एकदम उघडते, शाळेतल्या शाईच्या दौतीसारखी निळी. काटे मधून पोकळ आहेत, म्हणजे काट्यातून मागच्या लाटा दिसतात. काही लोकांना ते आवडत नाहीत, वेळ पटकन वाचता येत नाही म्हणतात. मला तसं कधी झालं नाही, उलट गर्दीत हात वर हँडलला असतो तेव्हाही तिरक्या नजरेने वेळ कळते.

आता मुंबईचं बोलू. इथे घड्याळाचे खरे शत्रू कोण? घाम, दमट हवा, खारं वारं आणि जून ते सप्टेंबर. चामड्याचा पट्टा इथे एक उन्हाळा काढला तरी खूप झालं, आतून काळा पडतो आणि वास मारायला लागतो. जुनी नाजूक घड्याळं, ती पातळ, सोनेरी मुलाम्याची, मला फार आवडतात, पण पहिल्याच पावसात काचेच्या आतून वाफ धरते आणि मग महिनाभर ते घड्याळवाल्याकडे पडून. डायव्हिंग वॉचची सगळी रचनाच पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते. चावी, म्हणजे क्राउन, स्क्रूने आत घट्ट बसते, मागचं झाकण स्क्रूचं, प्रत्येक जोडावर रबरी गॅस्केट, वर सफायर काच. जी गोष्ट समुद्राचं पाणी बाहेर ठेवू शकते तिला अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवरचा आडवा पाऊस काय करणार.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी, विशेषतः एसी लोकलने जाणाऱ्यांनी. थंड डब्यातून उतरून दमट प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की काचेवर धुकं येतं. पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळाच येतो. घाबरायचं नाही, बोटाने पुसून बघायचं. पुसलं गेलं म्हणजे ते बाहेरचं आहे, थंड काचेवर गरम हवेतली वाफ बसली, एवढंच. पण पुसूनही गेलं नाही तर ते आतलं आहे, म्हणजे कुठलं तरी गॅस्केट गेलंय, आणि मग त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे जायचं, रविवारची वाट बघायची नाही, कारण आत शिरलेलं पाणी आधी काट्यांवर आणि मग मशीनच्या स्टीलच्या भागांवर गंज धरवतं.

३०० मीटरबद्दल लोकांचा फार घोळ असतो. कोणी म्हणतं म्हणजे तीनशे मीटर खोल जाता येतं, कोणी म्हणतं छे, ते नुसतं छापलेलं असतं. खरी गोष्ट अशी की डायव्हिंग वॉचसाठी आयएसओ ६४२५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात जेवढी खोली लिहिली असेल त्याच्या सव्वापट दाब देऊन तपासतात, शिवाय अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, खारं पाणी, धक्के, चुंबकीय क्षेत्र, सगळ्याची परीक्षा असते. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटर धरतात. आपण तारकर्लीला मास्क लावून प्रवाळ बघायला उतरतो ते तर काही मीटरच असतं. तेव्हा ३०० हा आकडा खोल जाण्यासाठी आपल्या उपयोगाचा नाहीच, तो हातात ठेवलेला शिल्लक जोर आहे, की रबर थोडं म्हातारं झालं, चावीवर कुठे आपटलं, तरी पावसाला आणि तलावाला पुरून उरावं. पण पुन्हा सांगते, हा आकडा नव्या गॅस्केटचा असतो. पंचवीस वर्षं जुन्या घड्याळाच्या डायलवर ३०० मीटर लिहिलंय म्हणून ते घेतल्या घेतल्या पाण्यात घालू नका. आधी गॅस्केट बदलून घ्या, मग प्रेशर टेस्ट, मग पाणी. टेस्टचं मशीन साधं असतं, घड्याळाभोवती हवेचा दाब वाढवतात आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी, किती दबते ते मोजतात. केस दबून तशीच राहिली म्हणजे बंद आहे. दबली आणि हळूहळू परत फुगली म्हणजे हवा आत शिरतेय, आणि जिथून हवा शिरते तिथून पाणीही शिरणार. माझं दर वर्षी मे महिन्यात होतं, पावसाच्या आधी, छत्री दुरुस्तीला टाकायच्या दिवसांत.

दहाच्या जागेजवळ अजून एक छोटी चावी आहे, तिच्यावर ‘एचई’ ही दोन रोमन अक्षरं कोरलेली. सगळे विचारतात ही कशाला. हा हेलियम व्हॉल्व्ह. खोल समुद्रात जे डायव्हर दिवसेंदिवस दाबाखालच्या चेंबरमध्ये राहून काम करतात ना, त्यांच्या श्वासाच्या हवेत हेलियम मिसळलेला असतो. हेलियमचे अणू इतके बारीक की गॅस्केटमधूनही ते घड्याळात शिरतात. नंतर चेंबरचा दाब हळूहळू कमी करतात तेव्हा आत अडकलेल्या त्या हेलियमला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडू शकते. म्हणून ही वाट ठेवलेली. आता ही गोष्ट आपल्याला परदेशातली वाटते, पण आपल्या किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटरवर मुंबई हाय आहे, १९७४ ला सागर सम्राट रिगने तेल शोधलं तेच, आणि तिथल्या पाण्याखालच्या पाइपलाइन आणि प्लॅटफॉर्मच्या दुरुस्तीला अशीच सॅच्युरेशन डायव्हिंग करणारी माणसं उतरतात. मला स्वतःला त्या व्हॉल्व्हचा काडीचा उपयोग नाही, हे खरं. पण गाडीत पेट्रोल भरताना ते ज्यांच्या कामामुळे येतं त्यांच्यासाठी केलेली एक सोय आपल्या मनगटावर आहे, हे मला भारी वाटतं. फक्त ती चावी कधी सैल करू नका, वेळ लावायची समजून मुलं हमखास तीच फिरवतात.

बेझल मात्र मी दिवसातून कितीतरी वेळा वापरते. डायव्हिंग वॉचमधली रोजच्या आयुष्यात सगळ्यात कामाची वस्तू हीच आहे आणि बहुतेक लोक तिला शोभेची समजतात. बाहेरच्या रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, बस, मग काटा रिंगवर जिथे दिसेल तेवढी मिनिटं झाली. इडल्या लावल्या, फिरवलं. ओट्यावर वरणाचा कुकर, फिरवलं. स्टेशनबाहेर गाडी लावली, मीटिंग सुरू झाली, केसांना मेंदी लावली, फिरवलं. फोन उघडावा लागत नाही, आणि फोन उघडला की आपण कशाला उघडला तेच विसरतो. ती एकाच दिशेने फिरते यालाही कारण आहे, पाण्याखाली चुकून धक्का लागून फिरलीच तर झालेला वेळ जास्तच दिसावा, कमी कधीच नको, म्हणजे डायव्हर लवकर वर येईल, उशिरा नाही. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, ही युक्ती दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मग हे घड्याळ माझ्याच हातात पाहिजे, तुझ्यापेक्षा मला जास्त कामाचं.” त्यांचं बरोबर आहे.

आता बेझलचंच एक वाईट सांगते, कारण नुसतं कौतुक केलं तर तो रिव्ह्यू कसला. तिची कड लाटेसारखी गुळगुळीत आहे, दात नाहीत. कोरड्या हाताने ठीक. हात ओले असले, तेलकट असले, साबणाचे असले की बोटं घसरतात. डायव्हिंगच्या घड्याळाची बेझल ओल्या हाताने फिरत नसेल तर ती डिझाइनमधली चूकच म्हणायची, यात बाजू घेण्यासारखं काही नाही. अंगठा आणि मधलं बोट समोरासमोरच्या खाचांत धरून फिरवली की फिरते, पण ही सवय लावून घ्यावी लागते.

बेझलवरची निळी पट्टी ॲल्युमिनियमची आहे, नव्या मॉडेलमध्ये सिरॅमिक असते. नवं सिरॅमिक वर्षानुवर्षं तसंच चकचकीत राहतं, चरा पडत नाही, पण आपटलं तर तडकू शकतं. ॲल्युमिनियमला चरे पडतात आणि रंग फिका पडत जातो. माझ्या घड्याळाचा निळा रंग एका बाजूला थोडा उतरलाय, ऊन खाल्ल्यासारखा, आणि पंधरा मिनिटांच्या खुणेजवळ एक खरवड आहे जी आधीच्या मालकाची. ते बदलून नवीन पट्टी लावता येते, मी लावणार नाही. जुनं घेण्याचा मला वाटतो तो सगळ्यात मोठा फायदा हाच, पहिला चरा दुसऱ्या कोणीतरी पाडलेला असतो. नवं कोरं घड्याळ घातलेल्या माणसाला बघा, तो दारापासून लांब उभा राहतो, हात पोटाशी धरतो, घड्याळ त्याच्या हातात नसतं, तोच घड्याळाच्या ताब्यात असतो. विरार फास्टमध्ये दादरला उतरायचं असेल तर असं जमतच नाही.

बायकांनी एवढं ४१ मिलिमीटर व्यासाचं घड्याळ घालावं का, हा प्रश्न मला सारखा विचारतात. माझं मनगट बारीक आहे. याच डिझाइनचं मिडसाइझ येतं, २५५१.८०, ३६ मिलिमीटरच्या जरा वर, ते मी घालून बघितलं, छान आहे, ज्यांना मोठं नको त्यांनी बिनधास्त तेच घ्यावं, आणि जुन्या बाजारात ते स्वस्तही पडतं. पण मला मोठंच आवडलं, आणि ते बसतंही, कारण याचे लग्ज, म्हणजे पट्टा जिथे बसतो ते चार पाय, खाली वळलेले आहेत आणि घड्याळ जाड नाही. आजकालची कितीतरी डायव्हर्स इतकी जाडजूड असतात की कुर्त्याची बाही, शर्टाचा कफ, काही वरून जात नाही. हे जातं. साडीवर घालते, कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्या हातात बांगड्या असतात म्हणून घड्याळाच्या हातात काहीच घालत नाही, स्टीलवर स्टील किंवा सोन्यावर स्टील घासलं की दोन्ही खराब होतात, ते एवढं सांभाळा.

ब्रेसलेट बारीक बारीक कड्यांचं आहे, मधे चकाकणाऱ्या पट्ट्या, बाकी मॅट. हातावर ते कापडासारखं पडतं, हातावरचे केस ओढत नाही. पण त्या कड्यांच्या फटींत घाम, साबण आणि लोकलची धूळ मिळून काळा चिखल साचतो, तो पंधरवड्याला जुन्या टूथब्रशने आणि भांडी घासायच्या लिक्विडने काढायचा. हे करताना चावी घट्ट लावलेली आहे ना ते आधी बघा. गरम पाण्याची आंघोळ करताना मात्र काढून ठेवा, वाफ आणि साबण गॅस्केटला तलावापेक्षा वाईट. पावसाळ्यात मी रबरी पट्टा लावते, लग्जमधलं अंतर २० मिलिमीटर आहे त्यामुळे पट्टे भरपूर मिळतात.

आता मशीन. कॅलिबर, म्हणजे मशीनचं मॉडेल, ११२०, हे मुळात ईटीए या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या २८९२-ए२ वर ओमेगाने काम करून बनवलेलं, तासाला २८,८०० ठोके म्हणजे सेकंदाला आठ, एकदा पूर्ण चावी भरली की ४४ तास चालतं. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर रविवारी संध्याकाळी बंद पडायचं, सोमवारी सकाळी पुन्हा वेळ लावा. मी काढूनच ठेवत नाही त्यामुळे तो प्रश्न येत नाही. डायलवर क्रोनोमीटर लिहिलंय, म्हणजे स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेने मशीन १५ दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासलेलं, दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच सूट. आता इतक्या वर्षांनी त्या सर्टिफिकेटचा अर्थ उरत नाही, सर्व्हिस कशी केलीय त्यावर सगळं. माझं सर्व्हिसनंतर दिवसाला तीनेक सेकंद पुढे जातं. लोकल पकडायला एवढं पुढे असलेलं चांगलंच.

मधे एकदा ते अचानक दिवसाला मिनिटभर पुढे पळायला लागलं. दादरचे घड्याळवाले काका आहेत, माझं सगळं त्यांच्याकडे असतं, त्यांनी घड्याळाजवळ होकायंत्र धरलं आणि होकायंत्राची सुई नाचायला लागली. म्हणाले, “ताई, पर्स दाखवा.” पर्सला चुंबकाचं बटण होतं, आणि मी तलावावर घड्याळ काढून त्याच कप्प्यात टाकत होते. मशीनमध्ये केसाइतकी बारीक स्प्रिंग असते, ती चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. काकांनी डीमॅग्नेटायझरवरून, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावरून, फिरवलं, क्षणात ठीक झालं. हे बायकांना मुद्दाम सांगते कारण घड्याळांवर लिहिणारे बहुतेक पुरुष, त्यांच्या डोक्यात पर्सचं बटण येतच नाही. तसंच इंडक्शनची शेगडी, ब्लूटूथ स्पीकर, टॅबलेटचं चुंबकाचं कव्हर. घड्याळ एकदम पुढे पळायला लागलं तर आधी चुंबक तपासा, लगेच हजारोंची सर्व्हिस करून घेऊ नका.

घेताना काय बघायचं हे आता नीट सांगते, कारण जुन्या घड्याळांच्या बाजारात पैसे इथेच बुडतात. मी आधी एका विक्रेत्याकडे गेले होते, नाव घेत नाही, त्याच्याकडचा पीस फोटोत आरशासारखा लखलखत होता. तोच त्याचा दोष. सीमास्टरचे लग्ज पिळदार वळणाचे असतात, मॅट आणि चकचकीत भागांच्या मधे धारदार रेघ असते. कोणी बफिंग मशीनवर भरपूर पॉलिश मारलं की ती रेघ विरघळते, कडा गोल होतात, आणि तो धातू परत येत नाही. चऱ्यांचं घड्याळ घ्या, घासलेलं घेऊ नका. मागचं झाकण उघडून दाखवा म्हटल्यावर त्याने कारणं सांगायला सुरुवात केली, वॉटरप्रूफिंग जाईल वगैरे. मी तिथून निघाले.

दुसरा पीस एका ओळखीच्या संग्राहकाकडून मिळाला आणि व्यवहार काकांच्या दुकानात बसून झाला. काकांचा नियम एकच, “ताई, झाकण उघडल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही.” त्यांनी आधी भिंगातून डायल बघितली. सहाच्या खुणेखाली अगदी तळाशी बारीक अक्षरं असतात. सुरुवातीच्या वर्षांतल्या पीसवर ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना रोमन ‘टी’ असतो, तो ट्रिटियमचा, म्हणजे ठिपके आणि काटे अंधारात चमकावेत म्हणून लावलेल्या किरणोत्सारी पदार्थाचा. ट्रिटियमचा अर्धा जोर बारा वर्षांत संपतो, त्यामुळे ती घड्याळं आता अंधारात जवळपास आंधळी आहेत, ठिपके पिवळट झालेले, काहींना तो पिवळेपणाच हवा असतो. नंतरच्या पीसवर ल्युमिनोव्हा आलं, ते उजेड पिऊन अंधारात हिरवं चमकतं आणि अजूनही चांगलं चमकतं. मला रोज वापरायचं होतं म्हणून नंतरचं. ‘टी’ नाही आणि ठिपके पिवळे, किंवा ‘टी’ आहे आणि भर अंधारात लख्ख, असं दिसलं तर डायल किंवा काटे बदललेत किंवा रंगवलेत असं समजून पुढचे प्रश्न विचारा. काट्यांचा आणि ठिपक्यांचा रंग एकमेकांशी जुळतो का तेही बघा.

मग लगच्या मागे कोरलेला आठ आकडी नंबर, तो कार्डावरच्या नंबरशी ताडून बघितला. त्या काळी ओमेगा तीन छोटी कार्डं द्यायची, वॉरंटीचं, क्रोनोमीटरचं आणि चित्रखुणांचं. तिन्ही असली तर उत्तम, नसली तर भाव कमी करून मागा, पण कार्डं आहेत म्हणून घड्याळ खरं असं मानू नका, घड्याळ आधी आणि कागद नंतर. झाकण उघडल्यावर मशीन स्वच्छ होतं, गंज नाही, स्क्रूच्या खाचा न फाटलेल्या. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी अडाणी हाताने आत खेळलंय. मग टाइमग्राफरवर लावलं, ते मशीन ठोके ऐकून पट्टी काढतं. त्यात लिफ्ट अँगल नावाचं माप ५१ अंश सेट करायचं, या मशीनला तेच लागतं, नाहीतर आकडे खोटे येतात. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं झुलणारं चाक किती अंश फिरतं ते, २६० च्या आसपास आलं. काका म्हणाले तेल सुकत आलंय, सर्व्हिस लागेल, आणि तेवढी रक्कम तिथेच भावातून कमी झाली. संग्राहकाने कुरकुर केली नाही, कारण आकडा समोर होता.

पैशाचं म्हणाल तर सर्व्हिस धरून मला दोन लाखांच्या आत पडलं. नवं ३०० मीटरवालं सीमास्टर पाच लाखांच्या पुढेच जातं. रोलेक्स सबमरीनर जुनं घ्यायचं तर त्याहून कितीतरी जास्त, आणि घड्याळ म्हणून ते अप्रतिम आहे यात वाद नाही, पण ते लांबून ओळखू येतं. लेडीज डब्यात माझ्या हातातलं घड्याळ कोणी ओळखत नाही, फार तर एखादी कॉलेजची मुलगी म्हणते, “ताई, डायल मस्त आहे,” आणि तेवढंच पुरे. मला रोज रात्री एकटीने स्टेशन ते घर चालायचं असतं, त्यामुळे ओळखू न येणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. टुडर ब्लॅक बे फिफ्टी-एटही बघण्यासारखं, ३९ मिलिमीटर, ७० तास चालतं, २०१८ पासून आहे त्यामुळे पीस तरुण मिळतात. मला त्याची डायल कोरडी वाटली, बाकी नाव ठेवायला जागा नाही.

ज्यांना घड्याळवाला विश्वासाचा नाही त्यांनी मात्र आधी घड्याळवाला शोधावा आणि मग घड्याळ. या मशीनचे अस्सल पार्ट्स बाहेरच्या कारागिराला सहज मिळत नाहीत, चांगल्या कारागिराकडे साठा असतो किंवा तो सरळ सांगतो की हे कंपनीकडे द्या. जो कारागीर ‘काही पण होईल, ठेवून जा’ म्हणतो त्याच्याकडे ठेवून जाऊ नका. सर्व्हिस करून घेताना पॉलिश नको हे बिलावर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही. बदललेले जुने पार्ट्स परत मागा. आणि प्रेशर टेस्टचा आकडा बिलावर घ्या, नुसतं ‘वॉटरप्रूफ केलं’ असं नको, किती बारला, म्हणजे किती दाबाला, तपासलं ते. माझ्या बिलावर काकांनी लिहून दिलंय, त्या भरवशावर मी कांदिवलीच्या तलावात ते घालून उतरते आणि बाहेर आल्यावर नळाखाली धुते, कारण क्लोरिन ब्रेसलेटच्या फटींत राहिलेलं चांगलं नाही.